सुरुंगाआधी पाड्याला विचारा

घोडबंदर रोडचा टॉवर असो की उलव्याची नवी इमारत, एक घनमीटर काँक्रीट ओतायचं तर साधारण अकराशे-बाराशे किलो खडी लागते. नवी मुंबई उभी राहत होती तेव्हा ही खडी पारसिकच्या रांगेतून, तुर्भे-पावणे भागातल्या दगडखाणींतून आली. आता शहर त्या कापलेल्या डोंगरांना जाऊन भिडलं आहे आणि खडीवाल्यांची नजर शहापूर, मुरबाड, भिवंडीकडे वळली आहे. तिथल्या डोंगरांच्या पायथ्याशी वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे आहेत. खाण आणि आदिवासी हा विषय निघाला की आपल्याला गडचिरोली आठवते, ओडिशा आठवतो. पण हा विषय आपल्या घराच्या स्लॅबमध्ये आधीच ओतलेला आहे.

खाणकंपन्यांना ‘गावाशी चांगले संबंध’ हवे असतात. त्यासाठी ठरलेल्या गोष्टी केल्या जातात: शाळेत दप्तरं, एखादं समाजमंदिर, नेत्रतपासणी शिबिर, गावदेवीच्या जत्रेला वर्गणी. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण यातलं काहीच कंपनीच्या कामाला हात लावत नाही, म्हणूनच ते द्यायला सोपं असतं. सन्मानाचं नातं आहे की नाही हे ओळखायची माझ्या मते एकच कसोटी आहे: पाड्याला काम थांबवता येतं का? खाण सुरू होण्याआधी नकार देऊन, सुरू असताना ‘आज सुरुंग नाही’ म्हणून, आणि संपल्यावर ‘खड्डा नीट केल्याशिवाय अनामत परत नाही’ म्हणून. या तिन्ही वेळी पाड्याचं चालत नसेल तर दप्तरं वाटून झालेली ओळख ही ओळखच राहते.

पहिल्या टप्प्याला कायद्याचा आधार आहे, आणि ठाणे जिल्ह्यात तो पक्का आहे. शहापूर तालुका पूर्ण, भिवंडी आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे 1996 चा पेसा कायदा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना आणि पंचायतींना खास अधिकार देणारा कायदा, सांगतो की गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. बांधकामाचा दगड, मुरूम, वाळू हे सगळं गौण खनिजात मोडतं. लोहखनिज, बॉक्साइट अशा प्रमुख खनिजांना पेसाचं हे कलम लागू नाही. म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या खाणींपेक्षा खडीच्या खाणीबाबत पाड्याच्या हातात जास्त ताकद आहे. आपल्याकडे ती वापरली जात नाही, कारण ती कागदावरच बोथट केली जाते.

ते कसं होतं, हे पाहण्यासारखं आहे. ग्रामसभेच्या शिफारशीऐवजी ग्रामपंचायतीचा ‘ना हरकत’ दाखला फाईलला लागतो. कायद्यातल्या ‘किंवा पंचायत’ या शब्दांचा आधार घेतला जातो आणि सरपंच-ग्रामसेवकाच्या सहीवर काम भागतं. ग्रामपंचायत चार-पाच महसुली गावांची आणि दहा-बारा पाड्यांची असते, तर सुरुंगाचा हादरा बसणार त्यातल्या दोन पाड्यांना. मोठ्या गावात बैठक झाली, तिथल्या लोकांनी हात वर केला, ठराव मंजूर. ज्यांच्या विहिरीपासून तीनशे मीटरवर खाण येणार त्यांच्यातलं कोणी तिथे नव्हतंच. पेसात गाव म्हणजे वस्ती किंवा वस्त्यांचा समूह. महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घ्यायची वाटही ठेवली आहे. कंपनीला खरंच विचारायचं असेल तर तिने पंचायतीच्या दाखल्यावर न थांबता बाधित पाड्याच्या सभेत जाऊन बसावं. कायद्याचा अर्थ कोणी कसाही लावो, तिला तिथे जाण्यापासून कोणी अडवलेलं नाही.

दुसरी खोट तारखेत आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. कातकऱ्यांची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. 26 जानेवारीची किंवा 1 मेची ग्रामसभा नियमाने अगदी बरोबर असते, पण त्या दिवशी कातकरवाडीत म्हातारी माणसं आणि कुलपं असतात. जुलैत सगळे परत आलेले असले तरी भात लावणीत कंबर वाकलेली असते. आवणी उरकल्यापासून भात कापणी सुरू होईपर्यंत, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, पाडा भरलेला आणि थोडा मोकळा असतो. सभा तेव्हा घ्यायची. कंपनीच्या वेळापत्रकात यामुळे सहा-आठ महिने जातील. जाऊ देत. खाणपट्टा वर्षानुवर्षांचा असतो.

सभेआधीचं काम सभेपेक्षा मोठं असतं. पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेत जनसुनावणी लागते तिथे 30 दिवस आधी नोटीस द्यायची, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा, असं 2006 ची अधिसूचना सांगते. तो मराठी सारांश अनेकदा असा असतो की वकिलालाही दोनदा वाचावा लागेल. आणि सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ व्हायला हवी, ही अट असूनही गडचिरोलीतल्या सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची 2022 ची सुनावणी जिल्ह्याच्या मुख्यालयात झाली. सुरजागडच्या माणसाने तिथे पोचायचं तर पूर्ण दिवस जातो आणि मजुरी बुडते.

त्याऐवजी शिवारफेरी करावी. मोजणीदार, कंपनीचा भूवैज्ञानिक आणि पाड्यातली माणसं मिळून प्रस्तावित पट्ट्याची हद्द पायी चालतात, कोपऱ्यांवर चुन्याच्या खुणा करतात, आणि वाटेत लागेल ते नकाशावर चढवत जातात: झरा, विहीर, मोहाची झाडं, कारवीचा उतार, मसणवटा, शाळेची पायवाट, गुरांची वाट, वाघोबाचं ठाणं, गावदेवी. यातलं बहुतेक काही सातबाऱ्यावर नसतं. सातबाऱ्यावर नाही म्हणून ते नाहीच, असं धरून चालणं ही खाणकंपन्यांची सर्वांत महाग पडणारी चूक आहे. बायकांची फेरी वेगळी काढावी. कुठला झरा एप्रिलअखेर टिकतो आणि कुठला फेब्रुवारीतच आटतो हे हंडा वाहणारीला ठाऊक असतं, आणि पुरुषांसमोर ती फारसं बोलत नाही.

वनहक्काचा मुद्दाही याच टप्प्यावर येतो. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे दाव्याची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून कोणाला हटवता येत नाही. त्यामुळे पट्टा वनजमिनीवर असेल तर आधी पाड्याचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे कुठल्या पायरीवर अडकले आहेत ते पाहावं. या कायद्याच्या नियमांत ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि तो नकार टिकला. पण 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी राज्य सरकारवर, तीही केंद्राच्या मंजुरीनंतर, ढकलली. आधी मंजुरी आणि मग विचारणा, हा क्रमच चुकीचा आहे. पट्टा मंजूर झालेला, यंत्रं भाड्याने घेतलेली, कर्जाचा हप्ता सुरू झालेला, आणि मग पाड्याला विचारायला यायचं: अशा वेळी ‘नाही’ ऐकायला कोणीच मोकळं नसतं.

आधीची कायदेशीर परवानगी खिशात असली तरी काय होऊ शकतं, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. 24 मे 2020 रोजी रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी जुकान घळीतले दोन शैलाश्रय, म्हणजे खडकातले नैसर्गिक निवारे, सुरुंगाने उडवले. त्यातल्या एका ठिकाणी 46,000 वर्षांपूर्वीपासूनच्या वावराच्या खुणा होत्या. परवानगी 2013 ची होती आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या कायद्याप्रमाणे पूर्ण वैध होती. 2014 च्या उत्खननात तिथे चार हजार वर्षांपूर्वीचा वेणी घातलेल्या केसांचा तुकडा सापडला, जागेचं मोल नव्याने कळलं. पण जमिनीचे पारंपरिक मालक असलेल्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांना ती परवानगी पुन्हा उघडून घेण्याची सोयच नव्हती. संसदेची चौकशी बसली, कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याला पद सोडावं लागलं. शैलाश्रय गेले ते गेले. म्हणून खाण आणि पाडा यांच्या करारात एक वाक्य हवंच: नवी माहिती पुढे आली तर ग्रामसभेच्या मागणीवरून त्या भागातलं काम थांबेल आणि संमतीचा पुन्हा विचार होईल.

आता दुसरा टप्पा, खाण सुरू असतानाचा. इथे खरी रोजची भांडणं असतात आणि त्यातली निम्मी सुरुंगावरून.

आपला दगड दख्खनचा बेसाल्ट. त्यात उभ्या-आडव्या सांधी असतात, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लाल मातकट पट्टा सापडतो. दगडात भोक पाडलं, तळाशी स्फोटक भरलं, वर खडीची बारीक चुरी ठासली की स्फोटाचा वायू आतल्या आत दगड फोडतो. ठासण कमी पडली किंवा समोरचा दगड सांधीमुळे कच्चा निघाला की तोच वायू मोकळी वाट शोधतो आणि दगड उडतो. पाड्यावरच्या पत्र्यावर येऊन पडणारा दगड बहुतेक वेळा असा आलेला असतो. ठासण घाईत उरकलेली असते किंवा चुरीऐवजी भोकातलीच भुकटी परत भरलेली असते. भुकटी पुरेशी धरत नाही.

दुसरी गोष्ट हादऱ्याची. खाणसुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी मर्यादा दिल्या आहेत: कंपनांची वारंवारता सेकंदाला 8 च्या खाली असेल तर जमीन हलण्याचा वेग सेकंदाला 5 मिलिमीटरपर्यंत, 8 ते 25 मध्ये असेल तर 10, आणि त्याहून वर 15. कंपनीच्या स्वतःच्या इमारतींना याच्या दीडपट-दुपटीची सूट आहे, यावरून मर्यादा कोणासाठी राखल्या आहेत ते कळतं. हादरा मुख्यतः एका क्षणात किती स्फोटक फुटतं यावर ठरतो. दिवसभरात एकूण किती वापरलं याला त्या मानाने महत्त्व नाही. म्हणून भोकं मिलिसेकंदांच्या अंतराने उडवतात. सर्वसाधारण हिशोब असा की घरापासूनचं अंतर निम्मं झालं तर एका क्षणी फुटणारं स्फोटक चौथाईवर आणावं लागतं. खाण पुढे सरकत पाड्याकडे येते तेव्हा भरण मात्र जुन्याच मापाने चालू राहतं, आणि भेगा पडायला लागतात. कारवीच्या कुडाचं घर हादरा बऱ्यापैकी झेलतं. घरकुल योजनेतली अर्ध्या विटेची भिंत झेलत नाही. भेग आधीची की नंतरची यावर वाद होतो, कारण आधी कोणी पाहिलेलं नसतं.

यावरचा इलाज साधा आहे. पहिल्या सुरुंगाआधी धोक्याच्या पट्ट्यातल्या, म्हणजे साधारण 500 मीटरच्या आतल्या प्रत्येक घराचे चारी बाजूंनी फोटो काढायचे. असलेल्या भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवून त्यावर तारीख लिहायची. पट्टी तडकली तर भेग वाढली. या नोंदीची एक प्रत घरमालकाकडे राहते. विहिरींची मोजणी बारा महिने करायची. अहवालात पावसाळा सोडून एकाच हंगामाची आकडेवारी घेतात आणि तो हंगाम बहुधा हिवाळा असतो, जेव्हा शहापुरात सगळ्या विहिरींना पाणी असतं. भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात. मुंबईला पाणी देणाऱ्या या तालुक्यातले पाडे मे महिन्यात टँकरची वाट पाहतात. खाण भूजलाच्या पातळीखाली उतरली की बेसाल्टच्या सांधींतलं पाणी खड्ड्याकडे वळतं, आणि मेची विहीर एप्रिलमध्येच आटते. मे महिन्यातली जुनी नोंदच नसेल तर हे सिद्ध कशाने करणार?

करारात पाड्याचा थांबवण्याचा हक्क असा लिहिता येतो: सुरुंगाची वेळ ठरलेली, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा टाळून. पाड्यातली दोन नेमलेली माणसं, त्यातली एक बाई, लोक आणि गुरं धोक्याच्या पट्ट्याबाहेर आहेत याची खात्री करून सही करतील. सही नसेल तर ब्लास्टर तारा जोडणार नाही. कंपनमापक यंत्र पाड्याच्या सर्वांत जवळच्या घरापाशी ठेवायचं. खर्च कंपनीचा, यंत्र चालवणारा ग्रामसभेने निवडलेला. आकडा त्याच संध्याकाळी अंगणवाडीच्या फळ्यावर. मर्यादा ओलांडली तर कारण सापडेपर्यंत पुढचा सुरुंग बंद आणि तेवढे दिवस रॉक ब्रेकरने काम. ब्रेकर वेळखाऊ आणि महाग आहे, हे मान्य. पाड्याजवळची खाण महाग पडायलाच हवी.

धुळीचंही असंच. क्रशरच्या यंत्रापासून 3 ते 10 मीटरवर तरंगत्या कणांची मर्यादा घनमीटरला 600 मायक्रोग्रॅम आहे, आणि वाऱ्याची भिंत, पाण्याचे फवारे, आतले रस्ते पक्के, या अटी आहेत. फवारे असतात; पंप बंद असतो, कारण ओली खडी चाळणीत चिकटते आणि उत्पादन घटतं. खडी वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर पत्र्याचं आच्छादन घातलं तर कमी पाण्यात भागतं. हे प्रत्येक क्रशरवाल्याला माहीत आहे.

देखरेख स्वतंत्र ठेवण्याची पद्धत काही स्वप्नातली नाही. कॅनडातल्या एकाटी हिऱ्यांच्या खाणीवर 1997 पासून एक स्वतंत्र पर्यावरण देखरेख संस्था आहे. पैसा कंपनीचा, पण संचालक नेमण्यात तिथल्या आदिवासी संघटनांचा वाटा आहे. अलास्कातल्या रेड डॉग जस्ताच्या खाणीची जमीन इनुपियाट लोकांच्या नाना महामंडळाची. तिथल्या शिकाऱ्यांची समिती आहे, आणि वसंतातली समुद्री शिकार आटोपेपर्यंत खनिज नेणाऱ्या जहाजांना थांबावं लागतं. नफ्यातला वाटाही आहे, 25 टक्क्यांपासून दर पाच वर्षांनी 5 टक्के वाढत 50 टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे तसं उचलून आणता येणार नाही. तिथे जमिनीची मालकीच त्यांची आहे. पण थांबण्याची तरतूद करूनही खाण बुडत नाही, एवढं तिथे दिसतं.

यावर येणारा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. पाडा एका आवाजात बोलत नाही. कुणाला डंपर घ्यायचा असतो, कुणाच्या पोराला ऑपरेटरची नोकरी हवी असते, कुणाचा नकार शेजारच्या पाड्याशी असलेल्या जुन्या वादातून येतो. पण यावरून पाड्याला विचारूच नये हा निष्कर्ष निघत नाही. शहरातल्या गृहनिर्माण सोसायटीतही पुनर्विकासावर एकमत नसतं, तरी तिथे सभा आणि मतदान टाळता येत नाही. नोकरीची मागणी तर रास्तच आहे. ती पहारेकरी आणि पाणी मारणाऱ्यापुरती ठेवली जाते, हे दुखणं आहे. मेट (खाणीतला मुकादम) आणि ब्लास्टरच्या प्रमाणपत्राची परीक्षा असते आणि त्यासाठी खाणीतला अनुभव लागतो. तो पाड्यातल्या तरुणांना पहिल्या वर्षापासून मिळेल अशी सोय करणं कंपनीच्या हातात आहे. मजुरी बँकेत, उचल नाही. वीटभट्टीच्या उचलीतून सुटलेला माणूस खाणीच्या उचलीत अडकला तर 1976 च्या वेठबिगारी कायद्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पैशाबद्दल. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रॉयल्टीच्या प्रमाणात रक्कम जमा होते आणि अनुसूचित क्षेत्रात ती खर्च करताना ग्रामसभेची मान्यता लागते. ही रक्कम आमदारांच्या यादीप्रमाणे रस्त्यांवर जाऊ नये, बाधित पाड्याच्या पाण्यावर आणि दवाखान्यावर जावी, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. आदिवासी जमीनधारकाने आपली जमीन थेट खासगी व्यक्तीला भाड्याने देण्याची मुभा देण्याचा विचार राज्य सरकारने 2025 साली बोलून दाखवला. खाणीसाठी ही वाट धोक्याची आहे. भाडं एका सातबाऱ्याला मिळतं, हादरा आणि धूळ सगळ्या पाड्याला. महसूल संहितेच्या कलम 36अ मधली जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट लोकांना जाचक वाटते, तिच्या विलंबामुळे कुटुंबं अडतात, हेही खरं. तिचा वेग वाढवावा, ती काढू नये.

नवी मुंबईकरांना हे वेगळं सांगायची गरज पडू नये. हे शहर वसवायला 95 गावांची जमीन आधी घेतली गेली आणि मोबदल्याचा विचार नंतर झाला. 1984 च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची वाट मोकळी झाली. आगरी-कोळ्यांच्या पाठीशी दि. बा. पाटील होते, संघटना होती, मुंबईजवळची जागा होती. कातकरवाडीच्या पाठीशी यातलं काहीच नाही, म्हणून तिच्याबाबत क्रम आणखी काटेकोर पाळायला हवा.

तिसरा टप्पा खाण संपल्यावरचा, ज्याच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. ठाणे-रायगडच्या पावसात सोडून दिलेला खड्डा दोन पावसाळ्यांत भरतो, त्याच्या कडा उभ्या असतात आणि पोहायला उतरलेली मुलं वर चढू शकत नाहीत. हे टाळायचं तर शेवटच्या दोन-तीन वर्षांतच एका बाजूच्या पायऱ्या मोडून उताराची वाट करावी लागते, ज्यावरून माणूस आणि म्हैस दोघं वर येतील. खाणीतली माती आधीच बाजूला साठवलेली असेल तरच तो उतार धरतो. पाणी पिण्यासाठी वापरायचं असेल तर नायट्रेट तपासायला हवं, कारण अमोनियम नायट्रेटच्या स्फोटकांचा अंश दगडात राहतो; पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. कुंपण, पाटी, उतार आणि पाण्याची तपासणी यांच्या खर्चाएवढी अनामत पट्टा मिळतानाच जमा करावी. ती परत करण्याचा निर्णय जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांच्या दाखल्यावर सोडू नये. काम संपल्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं परत आलेली असताना पाड्याने खड्ड्याभोवती फिरून पाहावं आणि तसा ठराव करावा. तोपर्यंत अनामत सरकारकडेच राहावी.